टेस्ट बटणावर विसंबू नका

आरसीसीबीचं (करंट गळला की वीज तोडणाऱ्या स्विचचं) टेस्ट बटण दाबलं, ती खटकन पडली, म्हणजे वायरिंग बरोबर असं नाही. ते बटण फेज-न्यूट्रलवर चालतं. त्यामुळे अर्थिंग नसली तरी ते दाबल्यावर आरसीसीबी पडते. आपल्या मराठवाड्यात तर उन्हाळ्यात काळी माती भेगाळते, अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो आणि नेमका तेव्हाच लोखंडी कूलर सुरू होतो.

म्हणून वायरमनकडून प्रत्येक सॉकेट तपासून घ्याच. फेज आणि अर्थमध्ये १५ वॅटचा जुना पिवळा बल्ब जोडला की ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी लगेच पडायला हवी. बल्ब पेटूनच राहिला, तर अर्थ पिन न्यूट्रलला जोडलेली असेल, नाहीतर सॉकेट आरसीसीबीच्या बाहेरून घेतलेलं. आरसीसीबीही पडेना, बल्बही पेटेना? अर्थिंग तुटलेली आहे. दुरुस्ती होईपर्यंत त्या सॉकेटवर कूलर लावू नका.