मेडिकेअरवर घरी बीपीचं मशीन घेताना

मी अमेरिकेत एका हार्टच्या क्लिनिकमध्ये बिलिंग बघते. मराठी घरांतून हमखास येणारा प्रश्न म्हणजे, "बाबांना दिलेलं मशीन फुकट आहे ना?" नाही. हे मशीन घरचं रीडिंग क्लिनिकला पाठवण्याच्या सेवेचा (रिमोट पेशंट मॉनिटरिंग) भाग आहे. ही सेवा मेडिकेअरच्या, म्हणजे मुख्यतः ६५ वर्षांवरच्यांच्या सरकारी विम्याच्या, पार्ट बीमध्ये (डॉक्टरांच्या खर्चाचा भाग) येते. वर्षाचं डिडक्टिबल (आधी स्वतः भरायची रक्कम) भरून झालं की मंजूर रकमेचे २० टक्के तुमचे, आणि मशीन चालू आहे तोवर ते महिन्यामागून महिना लागत राहतात. मेडिगॅप (वरचा जोड-विमा) असेल तर बहुधा हा वाटा तिथून जातो. अॅडव्हांटेज प्लॅन (खाजगी कंपनीमार्फत घेतलेलं मेडिकेअर) असेल तर कोपे (तुमचा वाटा) किती ते प्लॅनलाच विचारा. मेडिकेडचं (कमी उत्पन्नवाल्यांचा सरकारी विमा) तर प्रत्येक राज्याचं वेगळं.

होकार देण्याआधी विचारा: रीडिंग आपोआप जातं का? वहीत लिहून फोनवर सांगितलेले आकडे मेडिकेअर धरत नाही. फोनशी खटपट न जमणाऱ्यांसाठी ब्लूटूथचं नको, आतच सिम असलेलं मशीन मागा. तोंडी होकारही चालतो, म्हणून फोनवर "हो हो" म्हणताना सांभाळून. शिवाय ३० दिवसांत एकाच डॉक्टरला याचं बिल लावता येतं. हार्टवाल्यांनी बीपीचं आणि शुगरवाल्यांनी ग्लुकोजचं मशीन दिलं, तर बिल कोण लावणार हे दोघांना आपसात ठरवू द्या.

आता दिवसांचा हिशेब. पूर्वी ३० दिवसांत किमान १६ दिवस रीडिंग लागायचं, तरच मशीनचं बिल (बिलावरचा कोड ९९४५४) निघायचं. २०२६ पासून २ ते १५ दिवसांसाठीही ९९४४५ हा कोड आला आहे. एका दिवसात पाच वेळा मोजलं तरी दिवस एकच. आणि दोनच दिवस मोजलं तरी आता बिल येऊ शकतं, म्हणून आई-बाबा हिवाळ्यात भारतात निघाले की क्लिनिकला आधी कळवून सेवा थांबवा.

माझ्या मते खरी किंमत ते आकडे बघणाऱ्या माणसाची आहे. त्या कामाचेही कोड आहेत: ९९४५७ म्हणजे महिन्यातली पहिली २० मिनिटं, ९९४७० म्हणजे फक्त पहिली १०. दोन्हींत पेशंटशी किंवा घरच्यांशी निदान एकदा थेट बोलणं (फोनवरही चालतं) व्हायलाच हवं. सरकारच्याच आरोग्य खात्याच्या महानिरीक्षकांना २०२४ च्या अहवालात दिसलं की सुमारे ४३ टक्के लोकांना या सेवेचे तीन भागांपैकी (मशीन लावून शिकवणं, मशीन पुरवणं, उपचार सांभाळणं) एखादा तरी मिळालाच नव्हता. म्हणून मेडिकेअरचं समरी नोटीस (कशाकशाचं बिल लावलं त्याचा तक्ता) आलं की न वाचता ड्रॉवरमध्ये टाकू नका. कोणाचाही फोन न येता बोलण्याचे पैसे लावलेले दिसले, तर आधी क्लिनिकला विचारा. उत्तर पटलं नाही, तर मेडिकेअरच्या १-८००-६३३-४२२७ ला फोन करा.

अनोळखी माणूस "फ्री मशीन पाठवतो" म्हणत मेडिकेअर नंबर मागू लागला तर फोन ठेवून द्या. न मागवलेलं पार्सल दारात आलंच, तर घेऊ नका.