सॉसेजसाठी घरीच शिवा कापडी नळी

सावंतवाडी-वेंगुर्ल्याकडे घरी डुकराच्या मांसाचं सॉसेज करायचं म्हटलं, की मांस भरायला लागणारी साफ केलेली आतडी वेळेवर मिळत नाहीत. अशा वेळी कोऱ्या मलमलीची नळी उत्तम काम देते.

१. कापड गरम पाण्यात धुऊन खळ पूर्ण काढा. साबण नको, वास राहतो.

२. २० सेंमी रुंद, ४५ सेंमी लांब पट्टी कापा आणि उभी दुमडा. लांब बाजू आणि एक टोक कडेपासून अर्धा सेंमी आत शिवा. टोक गोलाईत घ्या. चौकोनी कोपऱ्यात मसाला पोचत नाही आणि हवा अडकते. टाके बारीक हवेत, धागा सुतीच.

३. उलटवा, म्हणजे शिवण आत जाईल. भरल्यावर साधारण ६ सेंमी जाडीचं सॉसेज होतं.

४. भरण्याआधी नळी माडीच्या व्हिनेगरमध्ये भिजवून पिळून घ्या. कोरडं कापड मांसाला घट्ट चिकटतं, मग सोलताना वरचा थर निघून येतो. हे अजिबात टाळू नका.

५. दाबून भरा, हवेचे फुगे दिसतील तिथे सुईने टोचा, तोंड सुतळीने बांधून तिचाच फास ठेवा. त्यानेच धुरावर टांगता येतं.

धुराचा रंग चढला म्हणजे मांस शिजलं असं नव्हे. खाण्याआधी मधोमध ७१ अंश सेल्सिअस तापमान झालंय का, ते थर्मामीटरने बघाच. पावसाळ्यात तर दमट हवेत टांगून ठेवूच नका, फ्रिजमध्ये ठेवा.