जुनी पिकअप संस्थेला दान द्यायची आहे? किल्ली देण्याआधी आणि दिल्यानंतर काय करावं

नवी गाडी आली की जुनी बोलेरो पिकअप किंवा छोटा हत्ती दारात उभा राहतो. दलाल भाव पाडून मागतो, आणि इतकी वर्षं घर चालवणारी गाडी कवडीमोलाने द्यायला मन होत नाही. मग कुणीतरी सुचवतं, गोशाळेला देऊन टाका, अन्नछत्राला द्या. कल्पना उत्तम आहे. चारा, किराणा, जुने कपडे, वाचनालयाची पुस्तकं आणायला छोट्या संस्था दर खेपेला भाडं मोजतात. स्वतःची पिकअप मिळाली तर ते पैसे थेट कामावर खर्च होतात.

पण हार घालून, नारळ फोडून किल्ली दिली की काम संपलं असं धरू नका. आरसीवर, म्हणजे गाडीच्या नोंदणी प्रमाणपत्रावर, जोवर तुमचं नाव आहे तोवर मोटार वाहन कायद्याच्या दृष्टीने मालक तुम्हीच. गाडी दिली, ताबा दिला, पण नोंद बदलली नाही आणि मधे अपघात झाला, तर भरपाईचा दावा नोंदणीकृत मालकावर येतो. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात हेच सांगितलं. त्या खटल्यातली गाडी एकामागून एक अनेक हातांत गेली होती, तरी जबाबदारी आरसीवर नाव असलेल्या मूळ मालकावरच आली.

आधी गाडीकडे बघा

ज्या गाडीवर तुम्ही स्वतःचा ड्रायव्हर लोड देऊन घाटात पाठवणार नाही, ती दान देऊ नका. संस्थेला फुकटची गाडीसुद्धा महाग पडू शकते. साडेसात टनांपर्यंतच्या मालवाहू गाडीच्या नुसत्या थर्ड पार्टी विम्याचा मूळ दर २०२२ च्या दरपत्रकात १६,०४९ रुपये होता. गाडी आठ वर्षांची झाली की पासिंग, म्हणजे आरटीओची फिटनेस तपासणी, दर वर्षी करावं लागतं. शिवाय टायर, पाटे, क्लच प्लेट आहेतच. म्हणून देण्याआधी सर्व्हिसिंग करा, हौद्याचा पत्रा सडला असेल तर वेल्डिंग करून घ्या, स्टेपनी आणि जॅक गाडीत ठेवा. ऐपत असेल तर पहिल्या वर्षाचा विमाही तुम्हीच भरा. माझ्या मते दानाची खरी किंमत या भागात आहे.

गाडी पासिंगला टिकणारच नसेल तर ती परवानाधारक स्क्रॅपिंग केंद्रात द्या, गाडी जमा केल्याचं ठेव प्रमाणपत्र (सर्टिफिकेट ऑफ डिपॉझिट) घ्या आणि मिळालेली रक्कम संस्थेला द्या.

कर सवलतीचा हिशेब आधीच करा

इथे पुष्कळ लोकांचा गैरसमज होतो. ८०जी या नावाने ओळखली जाणारी आयकर सवलत फक्त पैशांच्या देणगीला मिळते. वस्तूच्या दानाला, मग ती लाखांची पिकअप का असेना, ती मिळत नाही. संस्थेने गाडीची किंमत लिहून पावती दिली तरी फरक पडत नाही. सवलत हवी असेल तर गाडी विका आणि रक्कम चेकने किंवा ऑनलाइन द्या, कारण दोन हजार रुपयांवरच्या रोख देणगीलाही सवलत नाही. नव्या करप्रणालीत असाल तर पैसे दिले तरी ही वजावट नाही.

गाडी धंद्याच्या नावावर असेल तर आणखी एक गोष्ट सीएला विचाराच. खरेदीच्या वेळी जीएसटीचं इनपुट क्रेडिट (भरलेल्या कराची वजावट) घेतलं असेल, तर अशी मालमत्ता फुकट दिली तरी जीएसटी कायदा तो पुरवठा धरतो, म्हणजे कर लागू शकतो.

संस्था निवडताना

धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी आहे का, हे पहिल्यांदा बघा. नोंदणी प्रमाणपत्राची आणि संस्थेच्या पॅन कार्डाची प्रत मागायला संकोच करू नका. प्रामाणिक माणसं ती आनंदाने देतात. त्यानंतर थेट विचारा: गाडी कोण चालवणार, कुठे उभी राहणार, डिझेलचा खर्च कशातून होणार? चालकाचा प्रश्न आता सोपा झाला आहे. हलक्या मोटार वाहनाच्या परवान्यावर साडेसात टनांपर्यंतची मालवाहू गाडी चालवता येते, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये स्पष्ट केलं. त्यामुळे नुसता कारचा परवाना असलेला कार्यकर्ताही पिकअप चालवू शकतो. मात्र मालवाहू गाडीच्या हौद्यात मुलं किंवा भाविक बसवून नेता येत नाहीत, हे देतानाच बजावून सांगा. गावासाठी शववाहिका करायची असेल तर बॉडीत बदल करण्याआधी आरटीओची परवानगी लागते.

संस्था तयार असेल तर विश्वस्तांच्या बैठकीत ठराव करून घ्या. ‘अमुक क्रमांकाचं वाहन दान म्हणून स्वीकारावं आणि अमुक विश्वस्तांना आरटीओच्या कागदांवर सह्या करण्याचा अधिकार द्यावा’, एवढं त्यात असलं की पुरे.

वडिलांच्या नावावरची गाडी

‘आमच्या दादांच्या स्मरणार्थ’ म्हणून गाडी देणारी घरं खूप असतात, आणि नेमकी तिथेच गाडं अडतं. मालक हयात नसतील तर गाडी थेट संस्थेच्या नावावर करता येत नाही. आधी ती वारसाच्या नावावर करावी लागते. त्यासाठी फॉर्म ३१, मृत्यूचा दाखला, वारस असल्याचा पुरावा आणि बाकीच्या वारसांची संमती लागते. कायद्याने यासाठी तीन महिन्यांची मुदत दिली आहे. बहिणींच्या सह्या आधी घ्या, वर्षश्राद्धाच्या दिवशी समारंभ ठेवायचा असेल तर तारीख त्यानंतर ठरवा. कागद अपुरे असताना गाडी नेऊन दिली, तर ती संस्थेच्या आवारात विनाविम्याची उभी राहते आणि देणाऱ्यालाही वाईट वाटतं.

कागद मोकळे करा

सरकारच्या ‘वाहन’ पोर्टलवर गाडीचा क्रमांक टाकून कर, फिटनेस, विमा आणि पीयूसीच्या तारखा बघा. थकलेली ई-चलनं भरा. कर्ज फिटलं असलं तरी आरसीवर बँकेचा बोजा दिसतो का, ते तपासा. दिसत असेल तर बँकेचं ना-हरकत पत्र आणि फॉर्म ३५ लागतो. गाडी १ एप्रिल २०१९ च्या आधीची असेल तर उच्च सुरक्षा नंबर प्लेट आधी बसवा, नाहीतर महाराष्ट्रात हस्तांतरणाचं काम अडकतं. एकूण वजन तीन टनांपेक्षा जास्त असेल तर परमिटही बघावं लागेल. तीन टनांपर्यंतच्या मालवाहू गाडीला परमिटची गरज नसते.

ताबा आणि हस्तांतरण

जंगम वस्तूचं दान प्रत्यक्ष ताबा देऊनही वैध होतं. तरीही दोन पत्रं कराच: तुमचं दानपत्र आणि संस्थेचं स्वीकारपत्र. दोन्हींत गाडीचा, इंजिनचा आणि चेसिसचा क्रमांक लिहा. ताब्याची तारीखच नव्हे, वेळही लिहा, कारण त्याच दिवशीच्या चलनाचा वाद त्यावरच मिटतो.

फॉर्म २९ (मालकी बदलल्याची सूचना) च्या दोन प्रतींवर तुमची सही लागते. फॉर्म ३० (हस्तांतरणाचा अर्ज) वर तुमची आणि संस्थेच्या अधिकृत विश्वस्ताची. तुम्ही चौदा दिवसांत आणि संस्थेने तीस दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. संस्था दुसऱ्या राज्यात असेल तर फॉर्म २८ ने ना-हरकत प्रमाणपत्र घ्यावं लागतं. अर्ज वाहन पोर्टलवर भरून, शुल्क भरून, छापील प्रती ठराव आणि नोंदणी प्रमाणपत्रासह आरटीओत जमा करा. कोऱ्या फॉर्मवर सह्या करून एजंटाकडे सोडून देऊ नका. पावती क्रमांक स्वतःकडे ठेवा.

विमा नावावर करून घ्यायचं काम संस्थेने चौदा दिवसांत विमा कंपनीकडे अर्ज करून करायचं असतं. तुमचा नो क्लेम बोनस (दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) मात्र गाडीबरोबर जात नाही, तो तुमचा असतो. कंपनीकडून त्याचं प्रमाणपत्र घेतलंत तर नव्या गाडीच्या विम्यावर वापरता येतं. फास्टॅग बंद करून उरलेली रक्कम परत मागा, नाहीतर संस्थेच्या फेऱ्यांचा टोल तुमच्या खात्यातून कापला जाईल. जीपीएसची जोडणीही संस्थेच्या मोबाइल क्रमांकावर करून द्या.

पंधरा-वीस दिवसांनी वाहन पोर्टलवर गाडीचा क्रमांक पुन्हा टाकून बघा. मालक म्हणून संस्थेचं नाव दिसलं की नव्या आरसीची एक प्रत मागून घ्या आणि दोन्ही पत्रांसोबत फाइलमध्ये लावून ठेवा.