नाकाची रेघ काढू नका

तैलरंगात चेहरा शिकायचा म्हणून मी डच चित्रकार व्हर्मिअरचं 'मोत्याचं डूल घातलेली मुलगी' हे चित्र उतरवायला घेतलं. एकच चेहरा, मागे काळोख, म्हणजे सोपं असणार असं वाटलं. पहिला कॅनव्हास थेट कॅलेंडरवरच्या देवीसारखा झाला, कारण मी नाकाला रेघ ओढली होती.

मूळ चित्र नेदरलँड्समधल्या हेगच्या मॉरित्सहाउस संग्रहालयात आहे, साधारण १६६५ सालचं, अवघं ४४.५ बाय ३९ सेंटिमीटर. त्याच मापात करा. एक प्रिंट रंगीत काढा, एक काळा-पांढरा. काळ्या-पांढऱ्यावर चौकोन आखा.

कोरा पांढरा कॅनव्हास डोळ्यांना फसवतो. टर्पेंटाइनमध्ये पातळ केलेल्या बर्न्ट अंबरचा, म्हणजे गडद तपकिरीचा, हात आधी फिरवून घ्या. वाळला की चौकोन आखून डोळे, ओठांचे कोपरे, हनुवटी आणि फेट्याची कड यांच्या फक्त जागा ठरवा. मग त्याच तपकिरीत उजेड-सावली लावा. व्हर्मिअरनेही खाली तपकिरी-काळे थर दिले होते. आता डोळे किलकिले करून प्रिंट बघा. नाकाचा दांडा आपल्या डाव्या हाताकडच्या गालात विरघळून गेलाय, मध्ये कडच नाही! नाक दिसतं ते दुसऱ्या बाजूच्या सावलीमुळे. माझे इथेच तीन रविवार गेले. रंगाची घाई करू नका.

त्वचेला टायटॅनियम व्हाइट, यलो ऑकर (मातकट पिवळा) आणि कणभर व्हर्मिलियन (शेंदरी लाल). सावलीत काळा घालू नका, चेहरा मळकट होतो. रॉ अंबर (तपकिरी) आणि किंचित अल्ट्रामरीन (निळा) पुरे. खालचा थर पातळ, वरच्यात जवसाचं तेल थोडं जास्त. उलटं केलंत तर पुढे तडे जातात.

मागची बाजू नुसती काळी नव्हती बरं का. काळ्यावर हिरव्या रंगाचा पारदर्शक थर होता, तो काळाने बिघडला. मी वाळलेल्या काळ्यावर तेलात पातळ केलेला हिरवा व्हिरिडियन फिरवते, चेहरा लगेच पुढे येतो.

डूल शेवटी. बहीण म्हणाली, "अगं, याला कडी कुठंय?" मूळ चित्रातही नाही. वर जाड पांढऱ्याचा एक ठिपका, खाली कॉलरचं फिकट प्रतिबिंब, बास. ठिपका ठेवलात की ब्रश उचला आणि पुन्हा तिकडे जाऊ नका. मी गेले होते. मोत्याची लसूण-पाकळी झाली.