ऐंशीला घुमणारा आवाज: पिकअप गॅरेजला नेण्याआधीची तयारी

साठपर्यंत गाडी गप्प, आणि काटा पंचाहत्तर-ऐंशीला टेकला की खालून घुमायला सुरुवात. पिकअपवाल्यांची ही नेहमीची तक्रार. गॅरेजमध्ये मेकॅनिक गल्लीत एक चक्कर मारतो, तिथे तिशीच्या वर वेग जात नाही, आवाज काही येत नाही आणि शेवटी ‘बेअरिंग टाकून बघू’ असं ठरतं. मग टायर, मग जॉइंट, मग डिफरन्शियल, म्हणजे मागच्या चाकांना फिरवणारी दातेरी चाकांची पेटी. हा अंदाजपंचे खर्च टाळायचा तर गाडी गॅरेजला लावण्याआधी अर्धा दिवस आपण घालवायला हवा.

आधी वही घ्या. आवाज सुरू होण्याच्या सुमारास गाडीचं काय काय काम झालं ते लिहून काढा: टायर बदलले, कॅरिअर वेल्ड करून घेतला, जास्त माल बसावा म्हणून मागे स्प्रिंगचा एक पाटा वाढवला. हा पाट्याचा मुद्दा बहुतेक जण सांगतच नाहीत. पाटा वाढला की गाडी मागून उचलली जाते, प्रोपेलर शाफ्टचा, म्हणजे गिअरबॉक्सकडून डिफरन्शियलला फिरवणाऱ्या दांड्याचा, कोन बदलतो आणि त्याच्या जॉइंटमधल्या क्रॉसवर नको तो ताण येतो. शाफ्ट काढून परत बसवला असेल तर तेही लिहा. खूण न करता काढलेला शाफ्ट मूळ जागी बसला नाही, तर वेगात थरथर सुरू होते.

मग गाडीतलं सुटं सामान उतरवा. सीटमागचा जॅक, पाने, हौद्यातले दोर, ताडपत्री, सगळं. खाली टांगलेली स्टेपनी घट्ट ओढून घ्या, फाळक्याच्या साखळ्यांना चिंधी गुंडाळा, सायलेन्सर थंड असताना त्यावरचा पत्रा हलवून बघा. काहींचा आवाज इथेच मिटतो.

टायरला मात्र वेळ द्या. गाडी थंड असताना हवा तपासा. रिकाम्या आणि भरलेल्या गाडीचे आकडे वेगळे असतात, ते कंपनीच्या स्टिकरवर किंवा पुस्तिकेत मिळतील. मग टायरच्या नक्षीवरून तळहात एकदा पुढे आणि एकदा मागे फिरवा. एका दिशेने गुळगुळीत आणि उलट्या दिशेने करवतीसारखं टोचत असेल, तर घुमण्याचा पहिला संशयित हाच. डोळ्यांना असा टायर चांगला दिसतो, म्हणून हात फिरवायचा. टायरच्या बाजूला छापलेल्या तारखेचे चार आकडेही टिपून ठेवा. २३२१ म्हणजे २०२१ चा तेविसावा आठवडा.

आता फेरी. पहाटे, वारा आणि रहदारी कमी असताना निघा. सोबत लिहायला एक माणूस हवाच, पण तो केबिनमध्ये. हौद्यात माणूस बसवून आवाज ऐकायची आपल्याकडची पद्धत महामार्गावर नको. मालवाहू गाडीला द्रुतगती मार्गावरही ८० ची मर्यादा आहे आणि आपलं काम तेवढ्यातच भागतं. डांबर संपून काँक्रीट सुरू होतं असा टप्पा निवडा. काँक्रीटवर आडव्या बारीक खाचा असतात, तिथे धडधाकट गाडीही गुणगुणते. समृद्धी महामार्गावर पहिल्यांदा गाडी घातलेल्या कित्येकांना आपल्या गाडीलाच काही झालं असं वाटतं. रस्ता बदलल्याबरोबर सूर बदलला, तर संशय टायरवर जातो. दोन्हीकडे सूर तोच राहिला, तर पुढे चला.

आवाज येत असलेल्या वेगात अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढा. दाबल्यावर एक सूर आणि सोडल्यावर दुसरा असेल, तर डिफरन्शियलमधल्या क्राऊन-पिनियन या दातेरी चाकांच्या जोडीकडे बघावं लागेल. मग एक गिअर खाली घेऊन तोच वेग ठेवा. इंजिनचे फेरे वाढले तरी आवाज होता तसाच राहिला, तर इंजिन संशयातून सुटलं. सपाट, मोकळ्या रस्त्यावर क्षणभर न्यूट्रलही करून बघता येतं, पण इंजिन चालू ठेवून. चावीला हात लावू नका. ब्रेकची आणि स्टिअरिंगची मदत जाते. घाटात हा प्रयोग मुळीच नको.

वेग थोडा कमी करून लांबट वळण घ्या. उजव्या वळणावर गाडीचा भार डावीकडे जातो. तेव्हा घरघर वाढली आणि डाव्या वळणावर कमी झाली, तर बहुधा डाव्या चाकाचं बेअरिंग. बहुधाच, कारण झिजलेला टायरही असाच फसवतो. शिट्टीसारखा आवाज असेल तर दाराच्या फटीवर आणि आरशाच्या बुडाशी मास्किंग टेप लावून पुन्हा तेवढीच फेरी मारा. एका फेरीत एकच बदल, नाहीतर काय केल्याने फरक पडला ते कळणार नाही.

थरथर जाणवत असेल तर मोबाइलवरचं कंपन मोजणारं मोफत ॲप कामाला येतं. २१५/७५ आर १५ मापाचा टायर ताशी ८० किलोमीटरला सेकंदाला साधारण दहा फेरे घेतो. शाफ्ट डिफरन्शियलच्या दातांनुसार त्याच्या चारेक पट. ॲप सेकंदाला दहाच्या (हर्ट्झ) आसपास दाखवत असेल तर चाक, चाळिशीच्या आसपास असेल तर शाफ्ट. एवढा हिशेब हाती असला की मेकॅनिकशी बोलाचाली निम्म्या होतात.

फेरीवरून आल्यावर चारही हबजवळ हात न्या, टेकवू नका. एकच जास्त तापला असेल तर बेअरिंग किंवा चिकटलेला ब्रेक. मग सपाट जागी, बाकीच्या चाकांना ओंडके आणि गाडीखाली स्टँड लावून चाक उचला. वर-खाली धरून हलवा, फिरवून कान द्या. नुसत्या जॅकवर गाडी उभी असताना खाली शिरू नका. क्रॉसच्या टोप्यांभोवती गंजाची लाल भुकटी दिसली, तर ग्रीस कधीच संपलंय. शाफ्टला मधे आधार देणाऱ्या सेंटर बेअरिंगचं रबर फाटलंय का, डिफरन्शियलच्या पिनियन सीलकडून तेल पाझरतंय का, हेही याच वेळी बघून घ्या. फोटो काढून ठेवा.

गॅरेजला जाताना वही, फोटो आणि आवाजाचं रेकॉर्डिंग घेऊन जा. आवाज माल भरलेला असतानाच येत असेल तर गाडी भरलेलीच न्या, कारण रिकाम्या गाडीत पाटे वर येतात आणि शाफ्टचा कोन वेगळा होतो. मेकॅनिकला शेजारी बसवून त्याच रस्त्यावर, त्याच वेगाला आवाज ऐकवा. चहाचे पैसे आपण द्यावेत. जुना सुटा भाग परत द्यायला आधीच सांगून ठेवा.