आर्किटेक्टच्या ऑफिसात नवीन लागलात? आधी कराराची फाइल मागून घ्या

मी सिव्हिलचा डिप्लोमा करून नाशिकला एका आर्किटेक्टकडे लागले तेव्हा पहिले सात-आठ महिने मला वाटायचं करार म्हणजे वकिलांचं काम, आपण साईटवर जायचं, मेजरमेंट घ्यायची, बिल चेक करून सरांपुढे ठेवायचं. मग एका बंगल्याच्या कामात मालक साईटवर आले आणि उभ्या उभ्या कॉन्ट्रॅक्टरना म्हणाले, अहो मागची कंपाउंड वॉल दोन फूट उंच करून घ्या, पलीकडे सगळा मोकळा प्लॉट आहे. कॉन्ट्रॅक्टरनी माझ्याकडे बघितलं, मी मान हलवली. पुढच्या बिलात 58 हजारांचा एक्स्ट्रा आयटम. मालक म्हणाले एवढा खर्च होईल हे मला कुणी सांगितलं होतं, कॉन्ट्रॅक्टर म्हणाले तुमच्या मॅडमसमोरच सांगितलंय ना, आणि साईट ऑर्डर बुकात (साईटवर दिलेल्या सूचना लिहायची वही) त्या तारखेला माझ्या हातची एक ओळ नव्हती. मला रडू यायचं बाकी होतं. त्या रात्री करार पहिल्यांदा पूर्ण वाचला.

तेव्हा कळलेली पहिली गोष्ट म्हणजे माणसं तीन असली तरी करार दोनच असतात. मालक आणि आर्किटेक्ट यांचा एक, मालक आणि कॉन्ट्रॅक्टर यांचा दुसरा. आर्किटेक्ट आणि कॉन्ट्रॅक्टर यांच्यात करारच नसतो, तरी दुसऱ्या कराराच्या पानापानावर आर्किटेक्टचा उल्लेख असतो, कारण बिल सर्टिफाय तो करणार, मुदतवाढ द्यायची का हे बहुतेक तोच ठरवणार. (आपल्याकडे बिल्डर म्हणजे डेव्हलपर, त्यामुळे फ्लॅट स्कीममध्ये बिल्डर हा मालकाच्या खुर्चीत असतो, हे डोक्यात ठेवा नाहीतर सगळं उलटं वाचाल.)

मालक-आर्किटेक्ट करारासाठी कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरच्या अटी आणि फीचा तक्ता बरीच ऑफिसं वापरतात. त्यात नवीन माणसाने दोन गोष्टी नीट वाचाव्यात. आर्किटेक्टची साईट व्हिजिट ठरावीक काळाने असते, रोजचं सुपरव्हिजन त्यात धरलेलं नसतं, त्यासाठी वेगळा माणूस लागतो. आणि मंजूर डिझाइनमध्ये मालकाला न सांगता बदल करायचा नाही. म्हणजे माझी मान हलवणं कुठल्याच अधिकारात बसत नव्हतं.

मालक-कॉन्ट्रॅक्टर करारासाठी खासगी कामात इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ आर्किटेक्ट्सचा छापील फॉर्म किंवा त्यावरून बेतलेला ड्राफ्ट दिसतो, राज्याच्या पीडब्ल्यूडीत गेलात तर बी-1 म्हणजे टक्केवारीचं टेंडर (सरकारी अंदाजापेक्षा किती टक्के वर-खाली ते सांगायचं) आणि बी-2 म्हणजे आयटम रेट (प्रत्येक कामाचा दर वेगळा भरायचा). छापील फॉर्म बघून निश्चिंत होऊ नका, खरे आकडे मागे जोडलेल्या अपेंडिक्समध्ये असतात, रिटेन्शन (प्रत्येक बिलातून हमी म्हणून राखून ठेवायची रक्कम) किती, बिल किती दिवसांत द्यायचं, उशिराची भरपाई आठवड्याला किती, आणि तेच पान बऱ्याचदा अर्धवट भरलेलं सापडतं.

माझा सल्ला असा की करार पहिल्या पानापासून वाचू नका, एक आरए बिल (रनिंग अकाउंट, म्हणजे काम चालू असताना टप्प्याटप्प्याने येणारं बिल) हातात घ्या आणि त्यातली प्रत्येक वजावट कुठल्या कलमातून आली ते शोधा. समजा 80 लाखांचं काम, 8 लाख मोबिलायझेशन ॲडव्हान्स (काम सुरू करायला दिलेली उचल) दिलाय, रिटेन्शन 5 टक्के, ॲडव्हान्सची वसुली 10 टक्क्यांनी. पहिलं बिल 12 लाखांचं, त्यातून 60 हजार आणि 1 लाख 20 हजार गेले, टॅक्स सोडून देय 10 लाख 20 हजार. दुसऱ्या बिलात आकडा 20 लाख दिसतो पण तो सुरुवातीपासूनचा एकूण असतो, 1 लाख आणि 2 लाख वजा करून 17 लाख, आणि त्यातून आधीचे 10 लाख 20 हजार काढले की हातात 6 लाख 80 हजार. शेवटची वजाबाकी विसरणारे मी खूप बघितलेत.

बेसिक रेट, म्हणजे करारात धरलेला मालाचा भाव, हा शब्दही तिथेच भेटेल. टाइल्सचा बेसिक रेट 60 रुपये फूट लिहिलाय आणि मालकांनी 95 ची टाइल पसंत केली तर वरचे 35 मालकाचे, लेबर आणि सिमेंट आधीच्या रेटमध्ये आलेलं असतं. स्टीलचंही असंच. 2021 मध्ये स्टीलचे भाव चढले तेव्हा ज्यांच्या करारात हे कलम नव्हतं त्या कॉन्ट्रॅक्टरांचे हाल मी जवळून पाहिलेत, आणि कॉन्ट्रॅक्टर बुडाला की मालकाचं घरही अर्धवट राहतं.

उशिराच्या भरपाईबद्दल लोकांना वाटतं लिहिलंय तेवढं आपोआप कापता येतं. करार कायदा 1872 च्या कलम 74 प्रमाणे लिहिलेली रक्कम ही वरची मर्यादा आहे, मिळते ती वाजवी भरपाई. शिवाय ड्रॉइंग आपल्याच ऑफिसातून उशिरा गेलं असेल तर उशीर कॉन्ट्रॅक्टरचा कसा म्हणणार? म्हणून ड्रॉइंग दिल्याची तारीख आणि सही ठेवा.

फ्लॅट स्कीमवर असाल तर अजून एक बघा. रेरा म्हणजे रिअल इस्टेट कायद्यामध्ये बांधकामातल्या दोषांची जबाबदारी ताबा दिल्यापासून 5 वर्षं डेव्हलपरवर असते, पण त्याचा कॉन्ट्रॅक्टरशी करार बऱ्याचदा 12 महिन्यांच्या डिफेक्ट लायबिलिटीचा (दोष दुरुस्त करून द्यायची मुदत) असतो. तिसऱ्या वर्षी टॉयलेटची गळती झाली तर डेव्हलपर कुणाला बोलावणार, हा प्रश्न ड्राफ्टच्या वेळी विचारला तरच उपयोग.

त्या भिंतीचं काय झालं ते सांगते. सरांनी दोघांना समोर बसवलं आणि बीओक्यू, म्हणजे करारातली कामं, त्यांची क्वांटिटी आणि दर यांची यादी, उघडली. वीटकाम, प्लास्टर, कोपिंग (भिंतीच्या माथ्यावरचा थर), तिन्ही आयटम त्यात आधीच होते, म्हणजे हा एक्स्ट्रा आयटम नव्हताच, होती ती जादा क्वांटिटी, आणि तिला बीओक्यूचाच रेट लागतो, नवीन रेट ॲनालिसिस, म्हणजे दर नव्याने काढणं, फक्त बीओक्यूत नसलेल्या कामाला. त्या हिशोबाने 41 हजार आले. मालकांनी दिले, कॉन्ट्रॅक्टरनीही ओढून धरलं नाही. तेव्हापासून साईटवर कुणी काही बोललं की मी आधी बुक उघडते आणि तारीख, कोण बोललं, ड्रॉइंग नंबर, बीओक्यूचा कुठला आयटम, अंदाजे रक्कम एवढं लिहून दोघांची सही घेते, मालक घाईत असतील तर पानाचा फोटो त्यांना तिथल्या तिथे पाठवते आणि त्यांचं हो आल्याशिवाय गवंड्याला हात लावू देत नाही.