शाळेची बातमी नेमकी कोणाकडून येते? नागपूरच्या मायबापांसाठी

मागच्या पावसाळ्यातली गोष्ट. पोट्टीला रेनकोट घातला, डबा भरला, ॲक्टिव्हावर समोर दप्तर मागे ती, आणि मानेवाड्यावरून निघाली मी भर पावसात. नरेंद्रनगरच्या पुलाखाली पाणी म्हणून लांबून वळसा घेतला, शाळेपाशी पोहोचली तर गेटला कुलूप, वॉचमन काका बाजूच्या टपरीवर छत्री घेऊन चहा पिऊन राहिले. म्हणे "मॅडम, सुट्टी हाय ना आज, कलेक्टर सायबानं देल्ली." घरी येऊन फोन पाहिला तर ग्रुपवर सकाळी पावणेसहालाच मेसेज पडून होता, फक्त त्याच्या खाली गुलाबाची फुलं, गुड मॉर्निंग, "मॅम गणिताचा पेज नंबर सांगा" असे साठेक मेसेज आले होते आणि ग्रुप मी म्यूट करून ठेवला होता. चूक माझीच. पण त्या दिवसापासून मी जरा नीट बसून ठरवलं की शाळेची कोणती खबर कोणाच्या तोंडून येते ते आधी समजून घ्यायचं, कारण आपण सगळे सगळ्या गोष्टी क्लास टीचरलाच विचारत बसतो आणि त्या बिचारीला अर्ध्या गोष्टी आपल्यानंतर कळतात.

माझी एक मुलगी चौथीत, स्टेट बोर्ड, मोठा मुलगा नववीत सीबीएसईत. म्हणजे दोन शाळा, दोन बोर्डं, चार ग्रुप आणि एक व्हॅन. त्यामुळे जे लिहून राहिली ते सगळं ठेच लागून शिकलेलं आहे.

सगळ्यात आधी क्लासचा ग्रुप. होमवर्क, युनिट टेस्ट, पालक मीटिंग, पंधरा ऑगस्टला कोणता ड्रेस, हे सगळं तिथून येतं आणि तिथूनच खरं मानायचं. तो ग्रुप म्यूट नाही करायचा, वर पिन करून ठेवायचा. पण म्यूट नाही केला तर डोकं उठतं, म्हणून आम्ही काय केलं, पहिल्याच पालक मीटिंगमध्ये मॅडमना सांगितलं की ग्रुपच्या सेटिंगमध्ये जाऊन 'फक्त ॲडमिन मेसेज पाठवतील' असं करून टाका, आणि गप्पांसाठी पालकांचा वेगळा ग्रुप काढला. दोन जणांना राग आला, त्यांना फुलं पाठवायची होती. पण आता त्या ग्रुपवर मेसेज वाजला म्हणजे कामाचाच असतो. तुमच्या शाळेत हे होत नसेल तर निदान ग्रुपच्या आत सर्चमध्ये जाऊन 'सुट्टी' आणि 'हॉलिडे' हे दोन शब्द टाकून पाहायची सवय लावा, आणि कामाचा मेसेज दिसला की लगेच स्टार करा, नंतर वर जाऊन शोधणं म्हणजे सीताबर्डीच्या गर्दीत पडलेली टिकली शोधणं.

आता पावसाची सुट्टी. ही शाळा ठरवत नाही, शिक्षक तर नाहीच नाही. जिल्हाधिकारी म्हणजे कलेक्टर ठरवतात, ते जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे अध्यक्ष असतात म्हणून, आणि त्यांचा आदेश निघाला की तो सगळ्या बोर्डांच्या, सगळ्या माध्यमांच्या शाळांना लागू असतो. म्हणून मोठ्याच्या शाळेला सुट्टी आणि छोटीच्या शाळेला नाही असा मेसेज आला की जरा थांबून पाहायचं, काहीतरी गडबड असते. २३ सप्टेंबर २०२३ आठवतो ना, रात्री चार तासात शंभर मिलिमीटरच्या वर पाऊस पडला, अंबाझरी तलाव ओव्हरफ्लो झाला, नाग नदीचं पाणी वस्त्यांमध्ये शिरलं, आणि शाळांच्या सुट्टीचं सकाळी उठल्यावर कळलं. असा पाऊस रात्री येतो, त्यामुळे आदेश पण पहाटे निघतो. म्हणून रात्री झोपताना हवामान खात्याचा अलर्ट एकदा पाहून ठेवायचा. यलो म्हणजे लक्ष ठेवा, ऑरेंज म्हणजे तयारीत राहा, रेड म्हणजे चोवीस तासात २०४ मिलिमीटरच्या वर पाऊस पडू शकतो. पण अलर्ट म्हणजे सुट्टी नाही हे पोट्ट्यांना आधी समजावून सांगा, माझा नववीतला रेड अलर्ट दिसला की दप्तरच भरत नाही. मी काय करते, ऑरेंज किंवा रेड असला की पहाटे साडेपाचचा वेगळा अलार्म लावते, उठून जिल्हा माहिती कार्यालयाचं किंवा कलेक्टर ऑफिसचं सोशल मीडियावरचं अधिकृत हँडल पाहते, मग शाळेचा ग्रुप, मग डबा. डब्याची भाजी चिरायच्या आधी पाहायचं, चिरल्यावर पाहून काही फायदा नाही.

आणि खोटे मेसेज, बाप्पा! दर जुलैमध्ये कोणीतरी मागच्या वर्षीचं पत्र फिरवून देतो. पत्र खरंच असतं, शिक्का खरा, सही खरी, फक्त वर्ष जुनं. ओळखायची एकदम सोपी युक्ती आहे, तारीख आणि वार जुळवून पाहा. समजा पत्रात '१० जुलै, बुधवार' लिहिलं आहे तर ते २०२४ चं असणार, कारण २०२५ मध्ये १० जुलैला गुरुवार होता. वर्षाचा आकडा फोटोत मुद्दाम कापलेला असतो, पण वार कापायचं कोणाच्या लक्षात येत नाही. दुसरं, वर डबल बाण आणि 'फॉरवर्डेड मेनी टाइम्स' दिसलं की आधी संशय घ्यायचा. तिसरं, पत्राला जावक क्रमांक आहे का आणि कोणत्या जिल्ह्याचं आहे ते पाहायचं, चंद्रपूरची सुट्टी नागपूरच्या ग्रुपवर आलेली मी स्वतः पाहिली आहे आणि चार पोट्टे घरी पण बसले होते त्या दिवशी. बरं, सुट्टी मिळाली म्हणून फार खूश नाही व्हायचं, आरटीई म्हणजे शिक्षण हक्क कायद्यात पहिली ते पाचवीला २०० आणि सहावी ते आठवीला २२० दिवस शाळा भरलीच पाहिजे असं आहे, त्यामुळे दोन-तीन सुट्ट्या जास्त झाल्या की पुढचा एखादा शनिवार फुल डे होण्याची मनाची तयारी ठेवा.

शाळा कधी सुरू होते हा आपल्या विदर्भाचा दरवर्षीचा घोळ. टीव्हीवर सांगतात राज्यभरातल्या शाळा जूनच्या मध्यात सुरू, पुण्याच्या नणंदेचा फोन येतो की "अगं तुमची अजून सुरू नाही झाली?" आणि आपण घाबरतो. आपल्याकडे जूनमध्ये पण ऊन असं असतं की सकाळी दहाला रस्त्यावर कुत्रं दिसत नाही, म्हणून विदर्भाची तारीख वेगळी असते. २०२३ ला ३० जून होती, २०२४ ला १ जुलै, २०२५ ला २३ जून आणि पहिला आठवडा सकाळची शाळा. म्हणजे तारीख दरवर्षी एकच राहील असं नाही, आणि शिक्षण संचालनालयाच्या परिपत्रकात विदर्भाची ओळ वेगळी लिहिलेली असते, बातमीत ती बहुतेक शेवटच्या पॅरामध्ये असते, तेवढा वाचायचा. आणि हे स्टेट बोर्डाचं झालं, सीबीएसईवाल्यांचं एप्रिलमध्येच सत्र सुरू होऊन जातं, त्यांचं त्यांच्या शाळेच्या कॅलेंडरमध्येच पाहा. वेळेचं पण तसंच, फेब्रुवारी २०२४ मध्ये शासनाने काढलं की पूर्व प्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी ९ किंवा त्यानंतर भरवा. तुमच्या लेकराची शाळा सातची असेल तर तो शासन निर्णय घेऊन मुख्याध्यापकांना शांतपणे विचारता येतं, भांडायला नाही.

सणांच्या सुट्ट्यांमध्ये तान्हा पोळा लक्षात ठेवायचा. छापील कॅलेंडरवर पोळा दिसतो, दुसऱ्या दिवशीचा तान्हा पोळा म्हणजे लेकरांचा लाकडी बैलांचा पोळा, आणि मारबत म्हणजे मोठ्या पुतळ्यांची मिरवणूक, हे बाहेरच्या माणसाला माहीतच नसतं. कलेक्टर दरवर्षी काही स्थानिक सुट्ट्या जाहीर करतात, त्यांची यादी जानेवारीतच मिळून जाते, ती एकदा सेव्ह करून ठेवली की वर्षभर विचारायची गरज नाही. बाहेरून बदली होऊन आलेल्या शेजाऱ्यांना पण पाठवा, आमच्या वरच्या मजल्यावरची ताई लेकराला घेऊन महालाकडून शाळेत निघाली होती मारबतीच्या दिवशी. पोहोचलीच नाही. पण मारबत पाहून आली, म्हणजे दिवस वाया नाही गेला.

आरटीईच्या २५ टक्के ॲडमिशनसाठी, म्हणजे खासगी शाळांमधल्या राखीव मोफत जागांसाठी, धावपळ करणाऱ्यांसाठी थोडं नीट सांगते कारण इथे एक खबर चुकली तर अख्खं वर्ष जातं. फॉर्म फक्त ऑनलाइन, लॉटरी राज्यपातळीवर एकच, आणि नंबर लागला की मोबाइलवर एसएमएस येतो. पण एसएमएसच्या भरवशावर बसू नका, खुद्द विभागच सांगतो बसू नका म्हणून. पोर्टलवर अर्ज क्रमांक टाकून स्वतः पाहायचं, निवड यादी आणि वेटिंग दोन्ही. दहा शाळा निवडता येतात, आणि घराचं लोकेशन नकाशावर टाकताना बरोबर टाका, अंतर त्यावरून मोजतात, पडताळणीत पत्ता आणि लोकेशन जुळलं नाही तर ॲडमिशन हातचं जातं. भाड्याने राहात असाल तर भाडेकरार दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेला लागतो आणि तो फॉर्म भरायच्या आधीचा पाहिजे, शंभराच्या स्टॅम्पवर टाइप करून आणलेला चालत नाही. ओपनमधल्यांना १ लाखाच्या आतलं उत्पन्नाचं सर्टिफिकेट. हे कागद डिसेंबरमध्येच काढायला टाका, फॉर्म सुरू झाल्यावर दाखले देणाऱ्या सेतू केंद्रात उभं राहायला जागा नसते. आणि "पैसे द्या, नंबर लावून देतो" म्हणणारा कोणी भेटला तर चहा पण पाजू नका त्याला.

दहावी-बारावीची खबर म्हणजे वेळापत्रक आणि निकाल, राज्य मंडळाच्या वेबसाइटवरच. नागपूर विभागीय मंडळात आपल्यासोबत वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली येतात. व्हॉट्सॲपवर फिरणारं टाइमटेबल प्रिंट काढून भिंतीवर लावू नका, शाळेत येणारं छापील तेच अंतिम. अकरावीचं ऑनलाइन ॲडमिशन आपल्याला नवीन नाही, पण २०२५ पासून अख्ख्या राज्याला एकच पोर्टल झालं, म्हणजे काटोल-रामटेकच्या पोट्ट्यांना पण तिथूनच फॉर्म भरायचा आहे, गावाकडच्या भाच्या-पुतण्यांना सांगून ठेवा.

फी वाढली ही बातमी मात्र ग्रुपवर येईपर्यंत उशीर झालेला असतो. २०११ च्या शुल्क विनियमन कायद्यात प्रत्येक पालक आपोआप पालक-शिक्षक संघाचा मेंबर असतो, संघ सत्र सुरू झाल्यापासून ३० दिवसात बनवायचा असतो आणि त्याची कार्यकारी समिती लॉटरीने निवडतात. फी तिथे ठरते. म्हणून जुलैमध्ये "इच्छुकांनी नावं द्यावी" अशी नोटीस आली की नाव द्या हो, सगळे म्हणतात टाइम नाही आणि मग मार्चमध्ये गेटवर ओरडत असतात. मी दोन वर्षं दिलं नाही. तिसऱ्या वर्षी दिलं, चिठ्ठीत नाव निघालं, आणि पहिल्यांदा कळलं की फीच्या प्रस्तावासोबत खर्चाचे कागद पण मागता येतात. सरकारी नाहीतर अनुदानित शाळा असेल तर तिथे शाळा व्यवस्थापन समिती असते, तिच्यात तीन चतुर्थांश मेंबर पालकच असतात आणि अर्ध्या बायका पाहिजेत असा नियम आहे.

आधार आणि अपार आयडीचे (म्हणजे प्रत्येक विद्यार्थ्याच्या कायमच्या ओळख क्रमांकाचे) मेसेज पण येत राहतात. जन्मदाखला, आधार आणि शाळेचं रजिस्टर, तिन्हीकडे नावाचं स्पेलिंग एकच आहे का एवढं आज रात्री पाहून घ्या. माझ्या मुलीच्या नावात एक 'एच' जास्त होता, तेवढ्या एका अक्षरासाठी आधार केंद्राच्या तीन चकरा.

आणि व्हॅनवाले काका. खरं सांगू का, सगळ्यात पक्की खबर त्यांच्याकडे असते, कारण ते सहा शाळांची मुलं उचलतात आणि त्यांचे बाकी व्हॅनवाल्यांसोबत फोन सुरूच असतात. डिसेंबरमध्ये विधिमंडळाचं अधिवेशन लागलं की सिव्हिल लाइन्सकडचे रस्ते कोणते बंद, मोर्चा कुठून निघून राहिला, मुलं किती वाजता घरी येतील, हे शाळेला विचारून काही उपयोग नाही, काकांना विचारा. त्यांचा नंबर फक्त आईच्या फोनमध्ये नको, बाबांच्या, आजीच्या आणि शेजारच्या काकूंच्या फोनमध्ये पण सेव्ह करा, आणि फ्रिजवर एका कागदावर लिहून चिकटवा. आमच्या फ्रिजवर तो कागद आहे, त्याच्याखाली कलेक्टरच्या सुट्ट्यांची यादी, त्याच्याखाली दोन्ही शाळांच्या परीक्षा, मोठ्याच्या निळ्या पेनाने आणि छोटीच्या लाल.

शेवटी काहीच कळलं नाही तर मॅडमना फोन करायच्या आधी एक मेसेज टाका, असा: "नमस्कार मॅडम, मी चौथी ब च्या अमुकची आई. उद्याच्या सुट्टीचं पत्र आलं आहे, खरं आहे का? सवडीने सांगा." नाव आणि वर्ग लिहायचाच, नुसतं "उद्या सुट्टी आहे का" लिहिलं तर त्यांनी कोणाची आई म्हणून ओळखायचं. आणि रात्री दहानंतर नाही, त्यांचं पण लेकरू दुसऱ्या दिवशी शाळेत जाणार असतं आणि त्या पण तेच पत्र घेऊन बसलेल्या असतात.